मृत्यू नसलेलं रुग्णालय

ती घटना आजही आठवली की डोक्यात तिडीक उठते. मी तेव्हा मावळात पोलीस निरीक्षक होतो. वडिवळ्याची एक बाई भाताच्या खाचरात साप चावून गेली. पुण्याच्या वाटेवर, जीपमध्येच. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी तिचे भाऊ ठाण्यात हजर. "दाजीनं तिला देवळात बसवून ठिवली. त्याला आत टाका!" तिला आधी लोणावळ्याच्या खासगी रुग्णालयात नेलं होतं; तिथल्या डॉक्टरांनीही त्यांना तेच सांगितलं होतं, फार उशिरा आणली म्हणून.

नवऱ्याला चौकशीला बोलावलं, तर त्यानं विचारायच्या आत कबूलच करून टाकलं. "म्याच मारली, सायेब. गाव सोडताना देवाला थांबलो, अंगारा लावला. तेवढ्यात विष चढलं." गुन्हेगार सुटका मागतो, हा शिक्षा मागत होता. मला ते पटेना.

संध्याकाळी जीपवाला आपणहून आला. "आबाला काय कळतंय! देवळापाशी म्या इंजिनबी बंद केलं न्हवतं. दवाखान्यात पोचलो तवा मावशी बोलत व्हती. डागदरनी गाडीतच बघितलं, खाली उतरूबी दिलं न्हाई. म्हनले, पुण्याला न्या."

डॉक्टरांना जबाबासाठी बोलावलं.

"सापाच्या विषावरची लस होती?"

"होती."

"मग?"

आधी गोलगोल उत्तरं झाली. मी खुर्ची पुढे ओढल्यावर ते म्हणाले, "सर, दर्जा सुधारावा म्हणून व्यवस्थापन आम्हाला बोनस देतं. दाखल पेशंटचे मृत्यू कमी असले की मिळतो. ही वाचेल असं वाटेना, म्हणून दाखलच केली नाही."

याला दर्जा म्हणायचं? कच्ची पोरं परीक्षेला बसूच द्यायची नाहीत आणि शंभर टक्के निकालाचे पेढे वाटायचे! आमच्या खात्यातही तक्रार न घेता गुन्हे कमी करणारे महाभाग मी पाहिलेत, त्यामुळे ही लबाडी मला चांगलीच ओळखीची होती. मी कागदपत्रं वैद्यकीय समितीकडे पाठवली आणि मेव्हण्यांसमोर त्या नवऱ्याला बोलावलं.

"आबा, तुमची काही चूक नाही. तिथं लस होती, त्यांनी दिली नाही."

मला वाटलं, म्हातारा मोकळा होईल. त्यानं उलट विचारलं,

"म्हंजी ती वाचली असती, सायेब?"

खोटं बोलवेना. "बहुतेक वाचली असती," म्हणालो. त्यानं तिथंच भिंतीला डोकं टेकलं.

चांगल्या कामाला बक्षीस जरूर द्यावं. पण देणाऱ्यानं एकदा दाराबाहेरही बघावं. तिथून परत पाठवलेल्यांचे मृत्यू कुणाच्या खात्यावर पडत नाहीत, ते घरच्यांच्या माथी बसतात.