दोन वर्षं लहान

निर्वासितांच्या छावणीच्या तिसऱ्या गल्लीत पत्र्याची एक टपरी आहे. वर सोलरच्या दोन प्लेटा, आत फळीवर ओळीने चार्जिंगला लावलेले चाळीसेक मोबाइल, प्रत्येकाला नंबराची चिंधी बांधलेली. टपरीत बसतो तो मिशी. वय एकवीस, आणि ओठावर मिशीचा पत्ता नाही. शेजारचा न्हावीकाका रोज एकदा तरी म्हणणारच, "नाव मिशी आणि ओठ साबणाच्या वडीसारखा! माझ्या धंद्याची अब्रू घालवतोस तू."

मिशी हसून सोडून द्यायचा. नाव कुठून आलं ते कधी सांगायचा नाही.

शाळा त्याने आठवीत सोडली. मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेतली धूळ सुईने काढायला सांगा, दोन तास हलणार नाही; पुस्तक हातात दिलं की अंगाला मुंग्या. पण धाकट्या बहिणीच्या पुस्तकांना कोणी नाव ठेवलं तर त्याची खैर नाही. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "छावणीतल्या पोरी शिकून काय पूल बांधणार?" मिशीने त्याचा मोबाइल चार टक्क्यांवरच काढून हातात दिला. "घ्या. तुमच्या अकलेइतका चार्ज झालाय."

बहिणीला सगळे छोटी म्हणतात. छोटी बारावीला छावणीत पहिली आली. शहरातल्या कॉलेजात छावणीच्या मुलांसाठी चार जागा होत्या, फी माफ, राहणं फुकट. तिला पाण्याचं इंजिनिअर व्हायचं होतं. बारा वर्षं नळाच्या रांगेत उभी राहून तिने ठरवलं होतं, की हा नळ इथे बसवणाऱ्याला एकदा गाठायचं आणि पाइप कुठे चुकला ते दाखवायचं.

"दादा, फॉर्म तू भर ना. माझ्याकडे नेट सारखं तुटतं," ती म्हणाली.

मिशीने टपरीत बसून फॉर्म उघडला. मार्क टाकले, फोटो टाकला, मग छावणीच्या कार्डाचा नंबर टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: अठरा वर्षं पूर्ण हवीत. अर्जदाराचं वय सोळा.

मिशीने मोबाइल पालथा ठेवला. ती दोन वर्षं कुठे गेली, ते जगात त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वी ते सीमा ओलांडून आले तेव्हा बाप वाटेतच मागे राहिला होता. नोंदणीच्या खिडकीशी आई, नऊ वर्षांचा मिशी आणि सहा वर्षांची, काडीसारखी छोटी. इकडची भाषा थोडीफार येत होती ती एकट्या मिशीला. पुढच्या बाईला पाच वर्षांखालच्या पोरासाठी दूधपावडरचा डबा मिळाला, तो त्याने पाहिला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "ही केवढी?" मिशी म्हणाला, "चार." आईला कळलंही नाही. डबा हातात आला तेव्हा कळलं, आणि तेव्हा तिने तोंडातून शब्द काढला नाही.

डबा छोटीच्या नावाचा. पण आईचा डोळा लागला की मिशी त्यात बोट घालायचा. एकदा वरच्या ओठावर पांढरी पावडर तशीच राहिली आणि छोटी टाळ्या पिटत ओरडली, "दादाला मिशी आली!" तेव्हापासून तो मिशी. दूध तिचं, वय तिचं, आणि खाल्लं कोणी?

संध्याकाळी छोटीने विचारलं, "भरलास?"

"नेट नाही," मिशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही नेट नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती टपरीशी आली तर न्हावीकाका आरशापुढे मोबाइलवर गाणं बघत मान डोलावत होता.

"नेट नाही, तर हे गाणं काय वाऱ्यावर चाललंय?" छोटी म्हणाली. "दादा, उद्या शेवटची तारीख आहे. खरं सांग."

मिशीने हातातला चिमटा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. डब्यासकट, बोटासकट.  

"नऊ वर्षांचा होतास तेव्हाचं सोड," ती म्हणाली. "हे तीन दिवस कशाला खाल्लेस? तेव्हा भूक होती. आता काय होतं?"

 मिशी घाबरला होता, एवढंच होतं, आणि ते बोलायची लाज वाटली.

घरी आईने उशीची शिवण उसवून मळकट कागद काढला. गावाकडचं लसीचं कार्ड. त्यावर छोटीची खरी जन्मतारीख.

"तुझ्याकडे होतं?" मिशी ओरडलाच. "आई, बारा वर्षं?"

"दाखवलं असतं तर पहिल्याच महिन्यात डबा बंद झाला असता," आई म्हणाली. "नंतर काढायची भीती वाटत गेली. तू एकटाच नाहीस रे."

मिशीला त्याने बरं वाटलं नाही. उलट आईलाही आपणच यात ओढलं असं वाटलं.

सकाळी तिघं नोंदणी ऑफिसात पहिल्या नंबरावर. खिडकीतल्या मॅडमनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "तारीख आज बदलून देते, पावती जोडा. पण चूक कोणाची ते लिहावं लागेल. ऑफिसची म्हणाल तर चौकशी, सहा महिने. घरच्यांची असेल तर खोटी माहिती देणाऱ्याचा छावणीबाहेर जायचा पास वर्षभर बंद."

"माझा करा," मिशी म्हणाला.

"तू तेव्हा नऊ वर्षांचा. तुझं नाव कसं लिहू? कुटुंबप्रमुख आई आहे."

आईचे डोळे दाखवायला दर महिन्याला शहरात जावं लागायचं. मिशी खिडकीत डोकं घालून म्हणाला, "मॅडम, आईला तेव्हा इथला एक शब्द कळत नव्हता. बोललो मी. डबा हातात घेतला मी. खाल्लाही मीच. अजून काय पुरावा हवाय? सगळी छावणी मला मिशी म्हणते, ती त्या पावडरची आहे."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इथे सही कर."

दुपारी चार वाजता टपरीत फॉर्म गेला. हिरवी खूण आली तेव्हा छोटीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, पण लगेच उचललं. ते तीन दिवस अजून मधे होते.

वीस दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. छोटी आजवर कधी शहरात गेली नव्हती. कधीही गेली की आपणच घेऊन जायचं, हे मिशीने लहानपणापासून ठरवून ठेवलेलं. रस्ते, बस, कुठे उतरायचं, सगळं त्याला पाठ. आता पास बंद, म्हणून ते कागदावर लिहून न्हावीकाकाला दिलं. काका तिच्यासोबत जाणार होता.

फाटकाच्या आडव्या बांबूशी मिशी थांबला. बस पलीकडे उभी.

"स्टँडवर डावीकडे वळायचं," तो म्हणाला. "उजवीकडे गेलीस की भलतीकडेच पोचशील."

"चौथ्यांदा सांगतोयस."

"चार्जर घेतलास?"

"दादा." ती मागे आली, अंगठ्याने त्याचा वरचा ओठ पुसला आणि म्हणाली, "अजून लागलीये थोडी."

बस सुटली. मिशीला माहीत होतं ओठावर काही नाही. तरी टपरीपर्यंत जाताना त्याने दोनदा हात फिरवून पाहिला.