वय बाबांना विचारून सांगतो

"वय?" जहाजाच्या सलूनच्या दाराशी टेबल टाकून बसलेल्या कारकुनानं विचारलं, आणि मी म्हणालो, "बाबांना विचारून सांगतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. मागे आमच्या शाळेचे हेडमास्तर उभे होते, त्यांना ठसका लागला. मी डोणगावच्या शाळेतला मास्तर, दोन मुलांचा बाप, आणि बाबांना जाऊन सव्वादोन वर्षं झालेली. कारकुनाला यातलं काय ठाऊक? तो म्हणाला, "मग विचारून या. वडील कुठं आहेत, वरच्या डेकवर?"

चूक झाली खरी, पण ती सवयीची चूक होती. आयुष्यात जिथं जिथं वय लिहायची वेळ आली तिथं बाबा जवळ असायचे. ते तारीख सांगायचे नाहीत. "आपल्या मळ्यातल्या विहिरीले पाणी लागलं, त्याच्या म्होरच्या साली हा झाला," एवढं सांगायचे, आणि लिहिणाऱ्यानं त्याचा हिशेब करायचा. मी शाळेत गेलो तेव्हा तिथल्या मास्तरांनी विहिरीचा हिशेब न करता अंदाजाचं साल आणि सरळ एक जून लिहून टाकलं. पुढं मी स्वतः मास्तर झालो आणि शेकडो पोरांना हीच तारीख वाटली. आमच्या पंचक्रोशीत एक जूनला जन्मलेल्यांची जत्रा भरेल, आणि त्या जत्रेचा पुजारी मी.

दारावर पाटी होती: चाळीस वर्षांखालील उतारूंना मद्य मिळणार नाही व पत्त्यांच्या टेबलावर बसता येणार नाही. विहीर खरी धरली तर मी बेचाळीसचा, दाखला खरा धरला तर एकोणचाळीसचा. म्हणजे पाटीच्या अलीकडे एक मी आणि पलीकडे दुसरा मी. हे त्या कारकुनाला कसं समजावणार?

"टोपी काढा," तो म्हणाला.

मी काढली. त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथं केस शोधावे लागत.

"जा आत," तो म्हणाला.

आता हे सगळं आलं कुठून ते सांगतो. गोवा मोकळा होऊन काही वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या आम्हा पाच मास्तरांची, बायकांसह, सहल निघाली. मलकापूरहून रेल्वेनं मुंबई, तिथून बोटीनं पणजी. हेडमास्तरांनी यादी केली तेव्हा पहिलं नाव मी लिहिलं. बायको चकित झाली. दिवाळीत घर सोडून मी सासुरवाडीलाही कधी गेलो नव्हतो.

का जात नव्हतो, तर पत्त्यांसाठी. आमच्या गावातही वयाची अट होती, पण ती वर्षांत मोजायची नव्हती. बाप हयात तोवर माणूस पोरगाच. लग्न होवो, लेकरं होवोत, सरपंच होवो, बापासमोर पत्ता हातात धरायचा नाही आणि पेल्याचं तर नावच काढायचं नाही. त्यामुळे दर दिवाळीला, पाडव्याच्या दुपारी, मी आणि माझे दोन चुलतभाऊ आमच्या मधल्या खोलीत दार लोटून तीन पत्ती खेळायचो. पैसे लावायची छाती नव्हती, म्हणून सरकी लावायचो, मूठ-मूठ. थोरला चुलतभाऊ तेलाच्या बाटलीत मोहाची आणायचा. ती चहाच्या कपातून घ्यायची. तिला तेलाचा वास, आम्हाला भीतीचा घाम. तिघांचीही टकलं पडायला लागली होती, आणि तिघंही चोरासारखे बसलेले.

बाबा त्या दुपारी शेताकडे चक्कर मारायला जायचे. दर पाडव्याला न चुकता. जेवले, पान खाल्लं, काठी घेतली की निघाले. परत येताना गल्लीच्या कोपऱ्यावरच्या निंबापाशी त्यांना खोकला यायचा. दोन आखूड आणि एक लांब. तो ऐकला की आमची धांदल उडे. पत्ते मांडीखाली, कप खाटेखाली, सरकी सतरंजीखाली, आणि बाबा उंबऱ्यात येईपर्यंत तिघं मिळून पीकपाण्यावर बोलू लागलेले. बाबा आत पाहत. सतरंजीबाहेर राहिलेली एखादी सरकी उचलत, म्हणत, "बैलाच्या तोंडचं काऊन सांडता बे?" आणि ती नेऊन दावणीत टाकत. एवढंच. वीस वर्षं एवढंच.

मला तेव्हा वाटायचं, एक दिवस आपण मोकळे होऊ. ओट्यावर, उघड्यावर, चारचौघांत पत्ते टाकू. हे वाटायचं म्हणजे नेमकं काय वाटायचं, हे तेव्हा कळत नव्हतं.

बाबा गेले. पहिली दिवाळी दुखवट्यातच गेली. दुसऱ्या दिवाळीला चुलतभाऊ आले. दार सताड उघडं ठेवलं, सतरंजी ओट्यावर टाकली. धाकटा म्हणाला, "आता कोणाचा धाक हाय आपल्याले?" तीन डाव झाले. चौथा वाटताना थोरल्यानं पत्ते खाली ठेवले आणि गल्लीकडे बघत बसला. मग मीही बघत बसलो. पत्ते पुन्हा कुणी पिसले नाहीत. सरकी बैलांना घातली. म्हणून या वर्षी ती दुपार घरात काढायची नव्हती. सहलीचं नाव पुढं केलं, एवढंच.

आणि नेमका पाडवा बोटीवर आला. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालो. बायका-माणसांच्या वळकट्या सलूनच्या भिंतीला लागून, खिडकीखाली पसरल्या होत्या. दुपार कलली. उजव्या हाताला नुसतं पाणी, डाव्या हाताला कोकणचे डोंगर. हेडमास्तर म्हणाले, "चला, आपण आता वयात आलो." मी गेलो, टोपी काढली, आत शिरलो.

समोर काचेच्या ग्लासात बियर आली. तिची चव कारल्याच्या पाण्यासारखी लागली, पण ग्लास थंड होता आणि तो मी सगळ्यांदेखत धरला होता. टेबलावर हेडमास्तर, मुंबईचे एक व्यापारी आणि मी. चार-चार आण्यांची तीन पत्ती. मला तीन गुलाम आले. जन्मात नव्हते आले. सरकीवर कधी आले नव्हते, ते इथं आले. व्यापाऱ्यानं पत्ते उघडले, हेडमास्तरांनी फेकले, आणि मी टेबलावरची नाणी ओढून घेतली.

तेवढ्यात मागून खोकला आला. दोन आखूड, एक लांब.

पुढचं सगळं माझ्या हातांनी केलं, मला न विचारता. गुलाम मांडीखाली गेले. ग्लास खुर्चीखाली ढकलला, तो कलंडला आणि बियर हेडमास्तरांच्या धोतरावर. वर मी टोपी घालून म्हणालो, "यंदा तुरी बऱ्या दिसतात."

व्यापारी हसून हसून खोकायला लागले, पण त्यांचा खोकला तो नव्हता. मी वळून पाहिलं. दारात कारकून, त्यापलीकडे कठडा, त्यापलीकडे समुद्र.

मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी उठलो आणि डेकवर शोधायला लागलो. कुणाला, ते माझं मलाच ठाऊक. प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत चाललो. एकाला विचारलंही, "आत्ता तुम्ही खोकलात का?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "नाही हो, मला काही झालेलं नाही." दुसऱ्या टोकाला काठी टेकून एक गृहस्थ पाठमोरे उभे होते, डोक्याला तसाच फेटा. मी अगदी जवळ जाऊन थांबलो. ते वळले. कुणी वेगळेच. माझ्याकडे पाहून हसले, आणि मला एकदम वाटलं की आपण सात-आठ वर्षांचे आहोत, बाजारात हात सुटलाय, आणि या गर्दीत कुणालाही आपलं वय ठाऊक नाही.

कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिलो. पाण्यात निंब असतो का? तरी मी पाहत होतो.

शेवटी वळकटीशी परत आलो. बायको खिडकीखाली बसून डब्यातल्या करंज्या मोजून वाटत होती. मी शेजारी टेकलो. तिनं माझ्या हातात एक करंजी ठेवली. मी म्हणालो, "मला बाबांचा खोकला ऐकू आला."

तिनं डब्याचं झाकण लावलं. पदरानं तोंड पुसलं.

"मी खोकलली," ती म्हणाली. "काऊन पाहून राह्यले असे? अठरा वर्षं त्या घरात काढली, एवढा तर मलेबी जमते. तुमाले वाटे, मामाजी शेतात जातेत. कुठलं शेत! निंबाखालीच बसून राहेत सारी दुपार. मी अंगणात पाण्याले निघाली का निंबाकडं तोंड करून पुसत, 'पोरगं जिंकून राह्यलं का हरून?' सासऱ्याशी बोलाचं कसं? मंग मी घागर वाजवू. एकदा वाजवली तर जिंकले, दोनदा वाजवली तर हरले. तुमी हरलेले असले का म्हणत, 'मंग बसू दे अजून एक डाव.' आन दर साली दोनदाच वाजवली मी. आज खिडकीतून पाह्यलं, पयल्यांदा जिंकले तुमी, म्हून लगेच खोकलली."