उंदीरमामाचे दार

आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडात उंदरांशी दोन प्रकारचे संबंध होते आणि दोन्ही माझी आत्या सांभाळी. भाद्रपदात गणपतीच्या पायाशी बसलेल्या मातीच्या उंदरापुढे ती मोदक ठेवी. उरलेले वर्षभर त्याच्याच भाऊबंदांसाठी सापळ्यात खोबऱ्याचा तुकडा लावी. सापळ्याचे नाव मात्र मोठ्याने घ्यायचे नाही. उंदीर ऐकतात आणि सूड म्हणून लुगडी कुरतडतात, अशी तिची खात्री. मी तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो, त्यामुळे हे सारे मला खुळचट वाटे. पण एकदा माझे नवे धोतर कुरतडले गेले, तेव्हापासून मीही जपूनच बोलू लागलो.

मग प्लेग आला. उंदीर पडले की पाठोपाठ माणसे पडतात, हे सगळ्या मुंबईला कळले. जिन्यात मेलेला उंदीर दिसला की माणसे बोचकी बांधून गाव गाठत. आमच्या चाळीने एक कमिटी काढली. तळमजल्यावरचे एक पेन्शनर गृहस्थ तिचे अध्यक्ष झाले आणि कचेरीत जातानाची पगडी पुन्हा घालू लागले. गॅलरीत उभे राहून त्यांनी स्वच्छतेवर भाषण केले आणि चाळीतली झाडून सगळी बिळे काचा आणि चुना घालून बुजवून टाकली. समारंभाला फक्त हारतुरे तेवढे नव्हते.

चुना वाळतो न वाळतो तोच माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचा पुढचा दात पडला.

पडलेला दात उंदराच्या बिळात ठेवायचा आणि ‘मामा, माझा घे, तुझा दे’ म्हणायचे, हा आमच्याकडचा रिवाज. पोर दात घेऊन स्वयंपाकघरभर फिरली. जिथे तिथे पांढरे ठिगळ.

"आत्याआजी, मामाचं दार कुठं गेलं?"

"बंद केलंय गं, बाळ. आपण दात कौलावर टाकू, हं."

"तिथनं कावळा नेईल. मग मला कावळ्याचे दात येतील!"

"अगं वेडे, कावळ्याला दातच नसतात," मी समजूत काढली. त्यावर तिने जो टाहो फोडला, त्याने माझी तर्कशास्त्रावरची श्रद्धा बरीच कमी झाली.

शेजारच्या मुलीने तर तिला सांगून टाकले की तू आता जन्मभर बोळक्या तोंडाचीच राहणार. पोरीने दात डाव्या मुठीत धरला तो सोडेचना. जेवतानाही नाही, वेणी घालतानाही नाही. दुसऱ्या दिवशी तिने जेवायलाच नकार दिला. आत्या उठली, उलथने घेतले आणि चुलीमागचा चुना खरवडू लागली.

आवाज ऐकून अध्यक्ष काठी घेऊन वर आले. "आत्याबाई, हे काय चालवलंय? कमिटीचा ठराव आहे!"

"तो उंदरांनी वाचलाय का, भाऊसाहेब?"

"वाचायला उंदीर राहिलाय कुठे? आमच्या बंदोबस्तामुळे चाळीत एकही उरलेला नाही."

"गेले, की आत मरून पडलेत?"

अध्यक्षांनी काठी भिंतीला टेकवली. बरेच दिवस प्रत्येक बिऱ्हाडाला हाच प्रश्न पडला होता, पण आत्याच्या आधी तो कुणी तोंडावाटे काढला नव्हता. ते तिथेच पाटावर बसले. आत्याने काचा बाजूला सारल्या, बिळापुढे खोबरे ठेवले आणि आम्ही चौघे श्वास रोखून वाट पाहू लागलो.

बऱ्याच वेळाने आधी मिशा आल्या, मग तोंड, मग सबंध उंदीर. अध्यक्षांचा हात काठीकडे गेला.

"हलू नका!" आत्याने दटावले.

आजारी उंदीर झोकांड्या खातो, हे आम्हांला ठाऊक होते. हा सरळ चालला. पुढच्या पायांनी तोंड पुसले, खोबरे उचलले. जावयाचेही इतके निरखून कौतुक आमच्या घरात झाले नसेल.

"चालतोय बरा," अध्यक्ष म्हणाले. "अंगानंही ठीक आहे, नाही?"

"चांगला गुबगुबीत आहे," आत्या म्हणाली.

पोर पुढे झाली तसा तो खोबऱ्यासकट आत पळाला. तिने मूठ उघडली, दात बिळात सरकवला, ठरलेले शब्द म्हटले आणि मागे वळून म्हणाली, "मला भात वाढ."

एका धडधाकट उंदरावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होते. पण मी भाताचे ताट आणायला उठलो. अध्यक्ष खाली जाताना दारोदार थांबून सांगत होते, "वर एक आहे. जिवंत! मी स्वतः पाहिला." घटकाभरात निम्मी चाळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन चुलीमागे वाकू लागली. पोर बिळाशी भाताचे ताट घेऊन बसली होती. ती भरल्या तोंडाने सगळ्यांना मागे सारत होती.

"गलका करू नका ना! मामा आत माझा दात लावून बघतोय."