राजारामपुरीतला बाप मासा

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तोच एक रिक्षावाला आडवा आला. "बसा पावणं, कुठं सोडू?" राजारामपुरीत माझा मित्र बसवराज आणि वहिनी वाट पाहत होते. गेल्या गेल्या ताट समोर आलं. नको म्हणून वाटीवर हात आडवा धरला, तर वहिनींनी तो बाजूला सारून माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) ओतलंच.

जेवणानंतर बसवराजने खाऱ्या पाण्याची काचपेटी दाखवली. समुद्रापासून इतक्या दूर, दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश! फुलासारख्या दिसणाऱ्या, पण डंख मारणाऱ्या एका समुद्रजीवाच्या कुशीत ते खुशाल लोळत होते.

"मोठी हाय ती मादी," बसवराज म्हणाला. "ह्यातले सगळे जन्मतात नरच. मादी मेली, की नराचीच मादी हुती."

शेजारच्या दगडावर अंडी होती. धाकटा नर परांनी त्यांना सारखा वारा घालत होता. एखादं अंडं मेलं, तर तेवढं खाऊन जागा साफ ठेवणं हेही त्याचंच काम. आजवर अंडी कधी टिकली नव्हती, त्यामुळे वहिनी येता-जाता डोकावत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघं कागलला बारशासाठी मुक्कामी गेले. "भावजी, माशांना ह्या डबीतलं खाणं चिमटीभरच टाका हं," वहिनी बजावून गेल्या.

मी टाकलं. मासे वर येऊन तोंडं उघडून बघतच राहिले. एवढा पाहुणचार झोडलेल्या माणसाने आता हात आखडता घ्यायचा? मी आग्रह करत करत डबी रिकामी केली.

सकाळी उरलेलं खाणं कुजून पाणी दुधाळ झालं होतं. अंडी पांढरी पडली होती आणि नर ती खात होता.

वहिनी आल्या. काचेपुढे त्यांचे डोळे भरले. मग माशावर ओरडल्या, "मेल्या, सवताची पोरं खातुयस व्हय? बाप हाईस का कोण?"

माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाने बोटभर माशावर आळ येऊ दिला आणि वर चहाही प्यायला. निघताना मात्र पायरीवर पाय अडला.

"वहिनी, चूक माझी. मीच जास्त टाकलं."

"ठावं हाय की. डबी बघितली मी," त्या म्हणाल्या. "पर पावण्याला कसं बोलायचं? म्हणून त्याला बोलले."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसं आहे कोल्हापूर?"

"माणसं फार चांगली आहेत," मी म्हणालो. पण मान वर करून तिच्याकडे बघवलं नाही.