ओवाळणीत सँडल

माझ्या थोरल्या दिरांनी जन्मात कुठल्याही बाईचं तोंड नीट पाहिलेलं नाही. माणूस फार मर्यादशील म्हणाल तर तसं अजिबात नाही. त्यांची नजर पायांवर उतरते आणि पायांत जर बरी सँडल असेल, तर तिथेच मुक्काम ठोकते. रस्त्यात भेटले तर आधी माझी चप्पल ओळखतात, मग मला. नवी घातली असली की ओळख न दाखवता सरळ पुढे जातात! टीव्हीवर एकदा मालिकेतली सासू सुनेच्या दुधात विष कालवत होती, आम्ही सगळ्या श्वास रोखून बसलेल्या, आणि हे खुर्चीतून ओरडले, "अरे, मघाशी काळी होती, आता चॉकलेटी कशी झाली?" त्या सुनेचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलंच नाही, कारण तोवर भाऊजींनी टाचांवर व्याख्यान सुरू केलं होतं. एव्हरशाईन सिटीत एका लग्नाला गेलो, तर हॉलच्या दाराशी कुणाची तरी सोनेरी सँडल उचलून तिची शिवण बघत बसले. बायांनी "चोर, चोर" म्हणून गलका केला. मी धावत जाऊन "आमचेच आहेत हो" म्हणत सोडवून आणलं. मला मेलीला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. रिक्षात गप्प बसले होते, मला वाटलं ओशाळले बिचारे. घर आलं तसे म्हणाले, "टाच मात्र सुरेख बसवली होती."

आता देवाची करणी बघा. अशा माणसाला बायको मिळाली ती गास गावची, बागायतदाराची लेक, जन्मभर अनवाणी वाडीत राबलेली. बघायला गेले तेव्हा जाऊबाई मोगऱ्याला पाणी घालून तशाच आल्या होत्या, पाय चिखलाने भरलेले. पोह्यांची बशी हातात घेऊन भाऊजींनी एकच प्रश्न विचारला, "पायाचा नंबर किती?" मुलीकडच्यांना वाटलं, नवऱ्यामुलाच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. जाऊबाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी इथे वर आहे." पुढे उभ्या संसारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आमचा पोपटसुद्धा शिकला असता, पाळला असता तर.

पहिल्या दिवाळीत पाडव्याला जाऊबाईंनी नवऱ्याला ओवाळलं आणि यांनी तबकात ओवाळणी घातली ती लाल, उंच टाचेची सँडल! निरांजनाशेजारी, कुंकवाशेजारी, अक्षतांवर. सासूबाई किंचाळल्याच. "अरे मेल्या, पायीची वहाण पायीच बरी!" जाऊबाईंनी मान राखायला ती घातली, चार पावलं घरामागच्या वाडीत गेल्या, टाच केळीच्या पाटात रुतली आणि त्या सँडलसकट चिखलात बसल्या. त्यानंतर दर पाडव्याला नवा जोड आला आणि दर पाडव्यानंतर कपाटात गेला. रविवारी भाऊजी ते सगळे जोड ओटीवर मांडून मऊ फडक्याने पुसायचे, कौतुकाने लांबून बघायचे. जाऊबाई अनवाणी त्यांच्यामधून ये-जा करायच्या.

माझी लेक मानसशास्त्र शिकते. एकदा दार लोटून मला हळूच म्हणाली, "आई, काकांचं जे आहे ना, त्याला पुस्तकात नाव आहे. पण कुणाला त्रास होत नसेल तर तो आजार नाही." दाराबाहेर जाऊबाई कळ्या निवडत होत्या. "नाव असू दे गं," तिथूनच म्हणाल्या, "आम्ही त्याला नवरा म्हणतो." आम्ही पोट धरून हसलो. पण लेक गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "त्रास नाही गं. पण यांना मी आवडते की माझ्या पायातलं, एवढं एकदा कळलं असतं तर बरं होतं." मी थट्टेवारी न्यायला बघितलं, ते काही जमलं नाही.

मग जाऊबाईंना साखर निघाली. वाडीत पायात काहीतरी रुतलं, ते त्यांना कळलंसुद्धा नाही. जखम चिघळली आणि डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी अनवाणी चालणं बंद केलं आणि काळी, जाड, पट्ट्यांची चप्पल लिहून दिली. चप्पल कसली, म्हशीचा खूर! साधी रबरी स्लीपर दिसली तरी तोंड फिरवणारे आमचे भाऊजी, आता यांचं कसं होणार या काळजीत आम्ही. पण रोज सकाळी ते त्या काळ्या चपलेत बोटं फिरवून खडा बघायचे, मग बायकोच्या पायात घालायचे. कुठेही गाजावाजा केला नाही.

त्या वर्षी पाडव्याला जाऊबाईंनी ओवाळलं. भाऊजींनी तबकात साडी ठेवली. चांगली, भारी, मोरपंखी साडी. सासूबाई असत्या तर धन्य झाल्या असत्या. जाऊबाईंनी साडीकडे बघितलं, तबक पाटावर ठेवलं आणि माझ्यादेखत त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"साडी? म्हणजे माझे पाय संपले का आता?"

मी तर चाटच पडले. आयुष्यभर जिने सँडल कपाटात कोंबल्या ती बाई सँडल आली नाही म्हणून रडत होती! भाऊजी अपराध्यासारखे उभे राहिले. "तसं नाही गं," म्हणाले, "डाव्याचं माप बदललंय. जखमेवरची पट्टी काढून माप घ्यायचं मला धाडस होईना. तुला दुखलं असतं तर?"

जाऊबाई खुर्चीत बसल्या, चप्पल काढली, स्वतःच पट्टी सोडली आणि पाय पुढे केला. भाऊजींनी आतून कागद-पेन्सिल आणली, जमिनीवर मांडी घातली आणि तो पाय अलगद मांडीवर घेतला. पेन्सिल हातात तशीच राहिली. मी इतकी वर्षं त्या घरात आहे, पण भाऊजींना बायकोच्या तोंडाकडे असं टक लावून बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. निरांजन विझायला आलं तरी त्यांची नजर काही खाली येईना.

शेवटी जाऊबाईंनीच पदराने डोळे पुसले.

"अहो, वर काय बघत बसलात? माप घ्या."