बुधवारचा रकाना

"आज बुधवार ना गं? मग तू इथं काय करतेस?" साळवे बाईंचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं असं सुरू झालं. नगरच्या दवाखान्यात नाकाला नळी, हाताला सुई, आणि बाईंना वार आठवतोय! बुधवार हा माझा विहिरी मोजायचा दिवस. पाथर्डीकडच्या आमच्या गावात विहिरींचं पाणी काठापासून किती खाली आहे ते दर बुधवारी मोजायचं, संध्याकाळी बाईंना फोनवर सांगायचं आणि त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घ्यायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. त्या बुधवारी मी गावाकडे फिरकलेच नव्हते. सोमवारी बाईंना दवाखान्यात हलवल्याचं कळलं, तशी जी आले ती त्यांच्या उशाशीच होते. पण त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून म्हटलं, "सकाळीच मोजून आले, बाई." "घरच्या विहिरीचं किती?" मी ठोकून दिलं, "एकवीस फूट." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि डोळे मिटले... शुक्रवारी बाई गेल्या. दीड महिना झाला, पण ते "बरं" काही माझ्या कानातून जात नाही. ज्या बाईंनी मला खरं मोजायला शिकवलं, त्यांना मी शेवटची गोष्ट सांगितली ती खोटी.

बाई आम्हाला नगरच्या कॉलेजात भूगोल शिकवायच्या. मी पहिल्या वर्षाला होते, गावाहून रोज ये-जा करायचे. संशोधन म्हणजे पांढरा कोट घालून, पुण्याला, चष्मेवाल्या माणसांनी करायचं काम अशी माझी पक्की समजूत! पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "तुमच्या गावच्या विहिरीला आत्ता पाणी किती?" कुणी म्हणालं "भरपूर", मी म्हटलं "कमीच असतं." "कमी म्हणजे किती?" बाईंनी आमच्यातल्या पाचजणांच्या हातात फुटाफुटावर गाठी मारलेल्या दोऱ्या दिल्या. दर बुधवारी टोकाला दगड बांधायचा, काठावरून सोडायचा, दोरी भिजली तिथवरच्या गाठी मोजायच्या. मी भीत भीत विचारलं, "हे विद्यापीठातली मोठी माणसं करतात ना, बाई?" तर म्हणाल्या, "त्यांना तुझी विहीर कुठं माहितीये?" एवढ्याशा वाक्याने मला हसू आलं होतं. पण गावी जाऊन काठावर उभी राहिले आणि पहिल्यांदाच वाटलं, अरेच्चा, जन्मापासून हिचं पाणी पितोय, पण ही आत काय करते ते आपल्याला कुठं ठाऊक आहे?

त्याच वर्षी दिवाळीनंतर आईचा हात मोडला. ऊसतोडीला कोयता म्हणजे दोघांची जोडी लागते, म्हणून आईच्या जागी वडिलांबरोबर मी गेले, कोल्हारकडे, प्रवरेकाठच्या उसात. दोन महिने कॉलेज नाही, विहीर नाही. परत आले तर वहीत आठ बुधवार रिकामे. वर्गातल्या मुलींना काय सांगणार? उसाच्या पाचटाने कापलेले हात मी ओढणीखाली लपवत होते! बसल्या बैठकीला आठही आकडे लिहून काढले, दर आठवड्याला एक वीत पाणी खाली. बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "सुनंदा, ही विहीर आहे का जिना?" मी वही ओढून घ्यायला गेले, तर म्हणाल्या, "शेजारच्या मळ्यात कांद्याला पाणी चालू, आणि तुझी विहीर अशी शहाण्यासारखी पायरी पायरी उतरते होय?" बाई ख्रिस्ती, रविवारची उपासना कधी चुकवायच्या नाहीत. म्हणाल्या, "न बघता विश्वास ठेवायला मला एक देव पुरे आहे गं. तुझं मात्र मला मोजूनच पाहिजे."

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. बाईंनी मला ते आकडे खोडून टाकू दिले नाहीत. प्रत्येकावर एकच आडवी रेघ मारायला लावली, खालचं दिसेल अशी, आणि शेजारी लिहायला लावलं, "मोजलं नाही. ऊसतोडीला गेले होते." आठ वेळा! कानशिलं तापली होती माझी. सगळ्यांसमोर अब्रू गेली असं वाटत होतं. आणि बाई? बाई त्या रिकाम्या आठवड्यांकडे लहान मूल जत्रेतल्या पाळण्याकडे बघतं तशा बघत बसल्या होत्या. "तुझ्यासारखं निम्मं गाव जात असेल ना? मग इतक्या दिवसांत गावातल्या विहिरींचं काय होतं गं? उपसा कमी, पाणी वर येतं का? का शेजारी ओढून घेतो? कुणी मोजलंय का हे?" ज्याची मला लाज वाटत होती, त्यातच बाईंना प्रश्न दिसत होता.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला मी तोच प्रश्न घेतला. आईचा हात धड जुळला नाही, म्हणून ती आता तोडीला जात नव्हती. मी आता नगरला राहायचे, म्हणून बुधवारी दोरी ती सोडायची. तिला लिहिता येत नाही, म्हणून दोरी भिजली तिथं ती चिंधी बांधून ठेवायची, दर बुधवारी नवी दोरी. शनिवारी मी घरी आले की खुंटीवरची दोरी घेऊन गाठी मोजायच्या. एका शनिवारी वेशीपर्यंत सामोरी आली. "आगं, पानी वर आलंय! दीड हात! मान्सं गेली तसा हिरीला बी इसावा भेटलाय बघ." मी बाईंना फोन लावला तर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "आईचं नाव लिही अहवालात. मोजणारी म्हणून." लिहिलं. पुढे एम.एस्सी.ला शेजारची गावं घेतली, आणि पीएच.डी.ला विद्यापीठात नाव नोंदवलं तेव्हाही प्रश्न तोच, फक्त फाटे फुटत गेले. आमच्या विहिरीचं पाणी चढतं आणि ओढ्यापलीकडची, तिचेही मालक तोडीलाच, ती का उतरते? अजून मला नीट कळलेलं नाही. बाई मधेच निवृत्त झाल्या, पण वही सुटली नाही. "नोंद दोन घरांत असावी. एक घर भिजलं तर दुसरं आहे," म्हणायच्या.

आता प्रबंध टंकायला द्यायचाय. माझ्या वहीत आणि त्यावरून केलेल्या तक्त्यात त्या बुधवारी बाईंना सांगितलेलं "एकवीस"च आहे. गेला महिनाभर मी त्या आकड्याभोवती घुटमळतेय. एकच तर आकडा, कोण बघतंय? आणि तो काढला तर बाईंशी खोटं बोलले हे मलाच पुन्हा वाचावं लागणार.

परवा बाईंच्या घरी गेले. त्यांचे भाऊ, दानिएलकाका, आता एकटेच असतात. चहा झाला, आणि त्यांनी बाईंची वही माझ्यासमोर ठेवली. "दवाखान्यात हिलाच उशाखाली घेऊन होती. तू त्या बुधवारी चहाला खाली गेलीस ना, तेव्हा माझ्याकडून पेन मागून काहीतरी लिहिलं. तुझी आहे, घेऊन जा."

मी शेवटचं पान काढलं. अक्षर कापरं, ओळीखाली घसरलेलं. आकड्याच्या रकान्यात काहीच नव्हतं. शेजारी लिहिलं होतं, "सुनंदा. मोजलं नाही. माझ्याजवळ होती."

सगळं कळलं होतं त्यांना. तरी "बरं" म्हणाल्या... मी तिथंच हमसून हमसून रडले. काका बिचारे पाण्याचा पेला धरून उभे. मग पिशवीतून माझी वही काढली, एकवीसवर एक आडवी रेघ मारली, खालचं दिसेल अशी, आणि शेजारी लिहिलं, "मोजलं नाही. बाईंजवळ होते."