जाऊबाईंची धाप

माझ्या थोरल्या जाऊबाई तोंडाच्या फटकळ. इस्त्रीच्या दुकानात आयुष्य गेलं, पण गिऱ्हाईक असो की सासरा, कुणाची भीड ठेवली नाही. हौस एकच, गाण्याचा गट. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि दम चार शब्दांवर आला. गटाचे मास्तर गोड बोलून म्हणाले, "बाई, आता विश्रांती घ्या."

"विश्रांती मेल्यावर!" जाऊबाई घरी येऊन कडाडल्या. मला तर त्या मास्तरांचं नरडं दाबावंसं वाटलं.

माझ्या नवऱ्याने घरच्या जुन्या कम्प्युटरवर त्यांना लूपचं सॉफ्टवेअर घालून दिलं. एक तुकडा म्हणायचा, तो गोल गोल वाजत राहतो. त्यावर दुसरा चढवायचा, मग तिसरा. चार शब्दांचा दम पुरे! जेवायच्या टेबलावर माइक आला, आम्ही ताटं मांडीवर घेतली. रेकॉर्डिंग चालू असताना पातेलं आपटलं म्हणून मी बोलणीही खाल्ली.

पहिला तुकडा कापताना मात्र त्या चुकल्या. सुरुवातीची धाप आतच राहिली. दर फेरीला आधी धाप, मग चार शब्द. माझ्या नवऱ्याने भलेपणाने ती पुसून टाकली. जाऊबाईंनी ऐकलं मात्र, उसळल्याच. "भावोजी, हे कोण मढं गातंय? माझा श्वास परत आणा!"

गटाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरावाला त्या कम्प्युटर घेऊनच गेल्या. मागे मी, वायरी सांभाळत. त्यांना गटातली आपली जागा परत हवी होती, बाकी काही नाही. बटण दाबलं. एकाच बाईचा आवाज, एकावर एक चढत हॉल भरून गेला. मास्तर चाट पडले.

"छान! फक्त ती धाप काढा. ऐकवत नाही. काढलीत तर उद्या या."

काढा ना हो एकदाची, म्हणून मी कोपराने ढोसलं. त्यांनी माझं कोपर बाजूला सारलं.

"काढते की," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही श्वास न घेता एक ओळ म्हणून दाखवा."

"हात्तिच्या, त्यात काय!" मास्तर माइकपुढे आले आणि सवयीने छाती भरून श्वास घेतला. तो स्पीकरमधून अख्ख्या हॉलने ऐकला. मागच्या रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. मास्तर ओळ न म्हणताच माइकपासून मागे सरकले.

"उद्या येते," जाऊबाई वायरी गुंडाळत म्हणाल्या. "धापेसकट."